वरणभातावरची मरळ

दौंडला गाडी बदलताना मला रोज तासभर थांबावं लागे. कोळशाच्या इंजिनांचा तो काळ. स्टेशनामागच्या चाळीत एक माळकरी गृहस्थ राहत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही; सगळे आप्पा म्हणत, तसं मीही. त्यांच्या ओसरीवरची काचेची पेटी बघायला मात्र रोज जाई. पेटीत भीमेतून धरून आणलेली मरळ होती.

मरळ म्हणजे लहान मासे गिळून जगणारी जात. पण गृहस्थांनी तिला सुधारायला घेतलं होतं. चपला काढून ते पेटीपुढे बसत आणि वरणभाताची शितं चिमटीनं पाण्यात सोडत. एकादशीला भिजवलेला साबुदाणा. मग जाणाऱ्या-येणाऱ्या हमालांना थांबवून सुनावत, "अरे, हिनं मासमच्छी सोडली. तुम्हाला काय धाड भरलीय?" हमाल माना खाली घालून पुढं सटकत.

मरळ चांगली गुबगुबीत झाली होती.

दर बाजारच्या दिवशी एक भोई मडक्यातून बोटाएवढे मासे आणून पेटीत सोडी. "एकटीला करमत न्हाई," गृहस्थ सांगत, "सोबत पायजे." दोन दिवसांत मरळ पुन्हा एकटीच असे.

शेवटी न राहवून मी विचारलं, "आप्पा, सोबतीचे मासे जातात कुठं?"

त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि ते हळहळले. "टिकत न्हाईत बघा. वरणभात सोसत न्हाई त्यांना."

तेवढ्यात मरळ वर आली, तोंड उघडून तिनं हवा घेतली आणि तळाशी गेली. मरळ श्वास असाच घेते, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी मला तो ढेकरच वाटला.