बाबांनी पाहिलेली ओहोटी

हॉस्टेलच्या अर्जावर बाबांची सही तेवढी राहिली होती. ऑफिस जेवणासाठी बंद झालं होतं, ते चारला उघडणार होतं. संध्याकाळच्या एसटीनं बाबा एकटे शहापूरला परतणार, की मलाही सोबत घेऊन जाणार, हे त्या सहीवर अवलंबून होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एम.एस्सी.साठी इतक्या लांब राहायचं म्हणजे नेमकं काय, हे मलाही धड सांगता येत नव्हतं. बाबा सकाळपासून नुसतं "बघू" म्हणत होते.

वेळ होता म्हणून समुद्रावर गेलो. पाणी पार लांब गेलं होतं. मधे नुसती ओली वाळू. बाबा थबकले.

"येवढं पाणी कुठं सोडलं गो?"

आमचं गाव तानसा तलावाजवळ. तिथं पाणी उन्हाळ्यात हळूहळू उतरतं आणि एकदा उतरलं की पावसाळ्यापर्यंत परत येत नाही. मी ओहोटीचं सांगायला लागले, चंद्रापर्यंत पोचलेसुद्धा, पण तोवर बाबा चपला हातात घेऊन पुढे निघाले होते.

जन्मभर भात लावलेल्या बाबांना चिखलात पाऊल कसं टाकायचं हे शिकवावं लागत नाही. मी दोनदा घसरले, ते एकदाही नाही. अंगठ्यानं वाळू दाबून म्हणाले, इथं रोप काय धरायचं नाय. पुढे एक बाई विळ्यानं वाळू उकरून शिंपल्या गोळा करत होती. बाबांनी तिला शेजारच्या शेतातली असावी तशी विचारपूस केली आणि तिच्याजवळ बसून स्वतःच उकरू लागले. बऱ्याच वेळानं तीन सापडल्या.

"काका, तुमी शोधताय का पेरताय?" ती म्हणाली. बाबा इतके मोकळे हसलेले मी खूप दिवसांनी पाहिले.

ती टोपली घेऊन गेली. आम्ही वाळूच्या एका उंचवट्यावर बसलो. वारा छान होता. बाबांनी तंबाखू मळायला घेतली. मला मात्र कॉलेजच्या फलकावर वाचलेली भरती-ओहोटीची वेळ आठवत होती. ओहोटी दोन वाजून दहा मिनिटांनी होती, आणि आता साडेतीन होऊन गेले होते. पण पाण्याच्या बाबतीत काय करायचं हे बाबांना मी कधी सांगितलेलं नव्हतं. खाचरात पाणी कधी घ्यायचं, बांध कुठं फोडायचा, हे बाबा सांगणार आणि आम्ही करणार. मी हळूच म्हटलं, निघूया का.

"बस गो. पाऊस नाय, काय नाय. पाणी काय मागनं येतंय?"

मी मागे वळून पाहिलं. येताना जो सखल पट्टा आम्ही पाण्यात पाय न घालता ओलांडला होता, त्यात पाणी चमकत होतं.

"मागनंच येतंय, बाबा," मी म्हणाले. "उठा आता. इकडनं नाय, तिकडनं. तिथं वाळू उंच हाय."

बाबा उठले. मी पुढे, ते मागे. बांधावरनं चालताना आमचं नेहमी उलटं असतं. पाणी गुडघ्यापर्यंत लागलं. मधेच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पलीकडे पोचेपर्यंत तो काढला नाही.

काठावर येऊन त्यांनी मागे बघितलं. आम्ही बसलो होतो त्या उंचवट्याच्या चारी बाजूंनी पाणी फिरलं होतं.

"रोज असं येतं?"

"दोनदा."

"आनि उद्या कधी?"

"आजच्यापेक्षा पाऊण-एक तास उशिरा."

त्यांनी मान हलवली आणि पँटचे पाय पिळले.

ऑफिसात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. रेक्टर मॅडमनी अर्जावर बोट ठेवलं. बाबांनी एकेक अक्षर जुळवत सही केली. मग कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाले, "हिला पाण्याचं कळतं."

मॅडम "बरं" म्हणाल्या आणि मेसच्या वेळा सांगू लागल्या.