जादूगाराला न उघडणारं कुलूप

कुलूपकाकांच्या चहात छताचा पोपडा पडला, तेव्हा त्यांनी तो चमच्याने काढला आणि चहा पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला, पुन्हा काढला. त्यानंतरचा पोपडा मात्र थेट एका गिऱ्हाइकाच्या टकलावर पडला, आणि काका बशी आपटून म्हणाले, "आता मात्र अति झालं!"

काकांचं खाली कुलपांचं दुकान आणि वर भाड्याने दिलेल्या दोन खोल्या. त्या खोल्यांत राहायचा एक जादूगार, त्याची बायको, त्यांची कबुतरं आणि एक लांबलचक पेटी. जादूगार बायकोला त्या पेटीत निजवून करवतीने मधोमध कापायचा, आणि कापताना ती किंचाळायची. किंचाळण्याचाही रोज सराव लागतो, हे काकांना तोवर ठाऊक नव्हतं. साखळदंड धडाधड जमिनीवर पडायचे, जिन्यावरून रंगीत धूर खाली यायचा, कबुतरं दुकानाच्या पाटीवर बसून पाटीची रया घालवायची. समोरची शिंपीणबाई तर पोलिसांना बोलवायला दोनदा निघाली होती. दोन्ही वेळा कापलेली बाई स्वतःच खिडकीत येऊन, "ताई, काही नाही हो, मी ठणठणीत आहे," असं ओरडून म्हणाली होती.

शेवटी ही गोष्ट काकांच्या लेकीच्या कानावर गेली. लेक लांबच्या शहरात, उंच इमारतीत राहणारी, स्वभावाने आईवर गेलेली, म्हणजे एकदा बोलली की संपलं. ती फोनवर म्हणाली, "बाबा, मी रविवारी येते. तोवर ते वरचे गेले नसतील तर समजेन की तुम्हाला हे घर झेपत नाही. विकून टाकू आणि तुम्ही माझ्याकडे या."

लेकीवर काकांचा जीव होता, पण तिच्या घराच्या दाराला कुलूप नव्हतं. आकडे दाबले की दार उघडायचं. चावीचं भोकच नसलेल्या दारामागे बसून आपण दिवसभर करायचं काय?

खरं सांगायचं तर दुकानातही फारसं काही राहिलं नव्हतं. काकू होत्या तेव्हा काका स्वतः कुलपं घडवायचे. नवं कुलूप झालं की काकू केसांतला आकडा काढायच्या आणि ते उघडून बघायच्या. उघडलं तर म्हणायच्या, "करा परत." नाही उघडलं तर म्हणायच्या, "हं. बसलं." मगच ते कुलूप फळीवर जायचं. काकू गेल्या आणि काकांनी कुलूप करणं सोडलं. तपासायला कुणी नाही तर करायचं कुणासाठी? आता ते चावीवरून नुसत्या चाव्या काढून द्यायचे.

पण घर विकायचं नव्हतं, म्हणून त्यांनी कंबर कसली आणि वकील भाच्याला बोलावलं.

भाचा म्हणाला, "मामा, आधी गोडीने बोला. नाही ऐकलं तर नोटीस देऊ. तरी नाही ऐकलं तर कोर्ट. मात्र पाणी तोडायचं नाही आणि कुलूप बदलायचं नाही. तो गुन्हा होतो. ऐकताय ना?"

"ऐकतोय रे," काका म्हणाले. त्यांचं लक्ष 'कुलूप' या शब्दापाशी जाऊन बसलं होतं.

गोडीने बोलायला काका वर गेले ते तासाभराने खाली आले. चहा झाला होता, बिस्किटं झाली होती, कानातून एक अंडं निघालं होतं आणि खोली सोडण्याचा विषय तेवढा राहून गेला होता.

मग भाचा स्वतः नोटीस घेऊन वर गेला. जादूगाराने ती न वाचताच तिचे चार तुकडे केले, मुठीत धरून फुंकर मारली आणि अखंड नोटीस भाच्याच्या हातात परत दिली. काका जिन्यात उभे राहून कानोसा घेत होते. वरून टाळ्यांचा आवाज आला. टाळ्या भाचा वाजवत होता.

"कायद्यात याला काही उत्तर आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही मामा," भाचा भारावून म्हणाला, "पण परत एकदा बघायला पाहिजे."

भाच्याने बजावलं होतं तरी काकांनी पाण्याचा कॉक बंद केला. थोड्याच वेळात जादूगाराची बायको रिकामी बादली घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काका, पाणी गेलंय वाटतं. कबुतरं तहानलीत हो." काका दोन भरल्या बादल्या घेऊन धापा टाकत वर गेले. संध्याकाळी आपल्याच कंबरेला शेक देत त्यांनी कॉक पुन्हा उघडला.

उरलं कुलूप. दुसऱ्या दिवशी जादूगार नवराबायको शाळेत खेळ करायला गेले, तशी काकांनी फळीवरची धूळ झटकून आपलं एक जुनं दणकट कुलूप काढलं आणि वरच्या दाराला बसवलं. बसवून झाल्यावर त्यांचा हात सवयीने पुढे आला. कुलूप बसवलं की चावी राहणाऱ्याच्या हातात द्यायची, हा त्यांच्या धंद्याचा नेम. समोर कुणीच नव्हतं. चावी खिशात टाकून ते खाली आले, पण दिवसभर तो खिसा त्यांना टोचत राहिला.

दुपारी जादूगार आला. काका गल्ल्यामागे छाती काढून बसले. 'आता येईल खाली, करील गयावया, मग सुनावतो.' पावलं जिना चढली, दार उघडलं आणि कबुतरं घुमायला लागली. काका तीरासारखे वर गेले.

"कुलूप बदललंत का काका?" जादूगार बूट काढत म्हणाला. "जरा कडक वाटलं. तेल घाला थोडं."

तेल घाला! काकांचा चेहरा लालबुंद झाला. कुणी त्यांच्या घराला नावं ठेवली असती तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, पण हा कुलपावर बोलला होता. ते खाली आले, शटर अर्धं ओढलं आणि कानशी घेऊन बसले.

दुसरं कुलूप जादूगाराने शीळ घालत उघडलं. तिसऱ्याला शीळ थांबली. चौथ्याला त्याने कोट काढून बायकोच्या हातात दिला. त्याच्या खेळातली गंमतच ही होती, की साखळदंडात बांधून घ्यायचं आणि सुटायचं. त्यामुळे घरमालक आपल्याला हाकलू पाहतोय हे त्याच्या लक्षातच येईना. त्याला वाटलं, काका हौसेने आपल्याला सराव देताहेत. उघडलेलं कुलूप तो स्वतः खाली आणून द्यायचा. "काका, तिसरा खटका ढिला आहे. मला तिथेच वाट सापडली."

"कुठे? दाखव," काका म्हणायचे, आणि दोघांची डोकी कुलपावर टेकायची. शिंपीणबाईने काकांना गुणगुणताना ऐकलं आणि त्यांना ताप तर नाही ना, म्हणून विचारून गेली.

रविवार उजाडला. जादूगार सकाळचा खेळ करून पेटी, ट्रंका घेऊन परतला, तेव्हा दारावर नवं कुलूप होतं. मुठीएवढंच, दिसायला साधं. याची चावी आधी उलटी फिरवायची, मग किंचित उचलायची, मग सुलटी. जादूगार गुडघ्यांवर बसला. तारा घातल्या, कान लावला, घाम पुसला, पुन्हा तारा घातल्या. कुलूप काही दाद देईना. अखेर तो पायरीवर धपकन बसला.

"हरलो काका," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा!"

काकांनी जिन्यातच उडी मारली. या वयात मारू नये अशी उडी होती ती. "बघ! बघ म्हटलं होतं की नाही!"

नेमकी तेव्हाच लेक आली. तिने पाहिलं, भाडेकरू बाहेर, ट्रंका बाहेर, दाराला कुलूप आणि आपले बाबा नाचताहेत.

"बाबा!" ती हरखून म्हणाली. "काढलंत त्यांना? जमलं की हो तुम्हाला!"

जादूगाराची बायको आधी ट्रंकांकडे बघत राहिली, मग काकांकडे. तिला आत्ता कळलं. तिचा चेहरा उतरला. आत कबुतरं दाण्यासाठी चोची मारत होती.

काकांना हवं होतं ते सगळं झालं होतं. नुसती मान डोलवायची की घर वाचलं. त्यांनी खिशात हात घातला, चावी काढली आणि जादूगाराच्या तळहातावर ठेवली.

"कुलूप बसवलं की चावी राहणाऱ्याला द्यायची," ते म्हणाले. मग लेकीकडे वळले. "पोरी, तुझी आई गेल्यापासून मी एक कुलूप केलं नव्हतं. या आठवड्यात इतकी केली. हा रोज उघडून बघतो गं. घर झेपत नाही असं वाटत असेल तर विकून टाक, पण मला भाडेकरू नकोत असं मी आता म्हणणार नाही."

लेकीने पर्स बापाच्या हातात दिली, केसांतला आकडा काढला आणि दारासमोर गुडघ्यांवर बसली. आकडा आत गेला, डावीकडे वळला, उजवीकडे वळला. तिने जीभ दातांत धरली होती, तिची आई धरायची तशी.

खूप वेळाने ती उठली आणि आकडा केसांत खोचला.

"हं," ती म्हणाली. "बसलं."

काकांनी तिच्या पर्समध्ये तोंड खुपसलं आणि ते रडू लागले.

घर विकण्याचा विषय मग कुणी काढला नाही. दुपारी लेक हौसेने पेटीत निजली आणि करवत लागताच अशी किंचाळली, की शिंपीणबाई पुन्हा पोलिसांना बोलवायला निघाली. खाली काकांच्या चहात पोपडा पडला. त्यांनी तो चमच्याने काढला आणि चहा पिऊन टाकला.