पहिला पाठ सगळ्यात शेवटी

माझ्या मामेसासऱ्यांइतका व्यवस्थित माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि व्यवस्थितपणानं त्यांना जेवढं छळलं तेवढं दुसऱ्या कुणाला छळलंही नाही. आयुष्यभर ते कचेरीच्या रेकॉर्डखान्यात होते. तिथे कागदांचा गठ्ठा बांधतात त्यात नवा कागद नेहमी वर. हा नियम मामांनी घरी आणला आणि भवानी पेठेतल्या त्या तीन खोल्यांत कायमचा लागू केला. प्रवासाची बॅग भरायची, तर पहिल्यांदा लागणारी वस्तू सगळ्यात वर हवी, म्हणजे ती सगळ्यात शेवटी भरायला हवी. सबब मामा बॅग भरायला बसायचे ते परतीच्या कपड्यांपासून. एकदा आम्ही सगळे अक्कलकोटला निघालो. स्टँडवर मामी ओरडल्या, "अवो, माझा चष्मा कुटाय?" चष्मा लगेच लागणार म्हणून तो वरच्या थरात जायचा होता, आणि वरचा थर भरायच्या आत दारात रिक्षा आली होती. मामांना त्याचं काही वाटलं नाही. "पद्धत बरोबर हाय," ते शांतपणे म्हणाले, "रिक्षा लवकर आली."

मामी मूळच्या सीमेपलीकडच्या, माहेरी सगळं कन्नड. लग्नानंतर त्या मराठी शिकल्या, आणि अशा शिकल्या की भाजीवाला त्यांना लांबून बघूनच भाव उतरवायचा. घरात मुलाशी, सुनेशी मराठी. कन्नड फक्त दोघांचं, आणि तेही कुलूप लावल्यासारखं. पोराला कळू नये असं जे जे असेल ते कन्नडात. पगाराच्या गोष्टी कन्नडात, भांडण कन्नडात, पाहुणे जाणार कधी ही चौकशीही पाहुण्यांसमोर हसत हसत कन्नडात. पोरगा कानावर पडून थोड्या शिव्या तेवढ्या शिकला. सून आली बार्शीची; तिला तेही नाही.

मग मामींना झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण मराठी गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं, नंतर शिकलेली भाषा जाते आणि लहानपणची तेवढी राहते. मामा दुभाषे झाले. तिथेही व्यवस्थितपणा होताच. मामी जेवढं बोलतील तेवढं, न कमी न जास्त, मराठीत सांगायचं, आणि खाली आपला शेरा मारायचा. "चहात साखर कमी हाय, असं ही म्हणते. मला तसं वाटत न्हाय." सूनबाई हसून साखर घालायची.

पण एकदा त्यांनी मला गॅलरीत नेलं. "बगा जावईबापू, मी हाय तवर ठीक हाय. मी गेल्यावर हिच्याशी बोलणार कोण? शेजारच्या कानडी बायका येतील, तासभर बसतील, उठून जातील. घरात सूनच राहणार की." मी म्हटलं, मग सूनबाईला शिकवा की रोज थोडं थोडं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सहीशिवाय कागद पुढे सरकवलाय. तोंडी कामाला त्यांच्या लेखी किंमतच नव्हती. लेखी पाहिजे, क्रमवार पाहिजे आणि उद्या कुणालाही उघडून बघता आलं पाहिजे.

अशा तऱ्हेनं मामांनी फुकटात मिळतो तसला एक ब्लॉग उघडला: मराठी माणसांसाठी कन्नडचे शंभर पाठ. काय तो थाट! कोपऱ्यात घड्याळ, वर नंदीचं चित्र, खाली भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा आकडा. तो आकडा वाढायचा, कारण वाढलाय का हे बघायला मामाच दिवसातून दहादा जायचे. पाठांना लेबलं लावता येतात हे कळल्यावर तर त्यांना रेकॉर्डखाना परत मिळाल्याचा आनंद झाला. 'बाजार', 'लग्नकार्य', 'कोर्टकचेरी', 'भांडण'. 'भांडण' या लेबलाखाली इतकी जिवंत वाक्यं होती की ती कुठून आली हे विचारायची गरजच नव्हती. कुणी अनोळखी माणसानं 'छान माहिती सर' असं लिहिलं, तर मामांनी त्याला "आपला अभिप्राय पावला, आभारी आहे" पासून सुरू होणारं पानभर उत्तर पाठवलं.

अडचण एकच होती. ब्लॉगवर नवं लिहिलेलं वर येतं. म्हणजे शिकणारा आला की त्याला आधी शेवटचा पाठ दिसणार. मी सांगितलं, मामा, त्यात काय, तारीख बदलता येते, पहिल्या पाठाला पुढची तारीख टाका. झालं! मामा खुर्चीतून उठलेच. "खोटी तारीख? साहेबानं सांगितली तवा घातली न्हाय, आता म्हातारपणी घालू व्हय?" दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आनंदात त्यांचा फोन आला, तोडगा सापडला म्हणून. शंभरावा पाठ आधी लिहायचा, मग नव्व्याण्णवावा. असं करत करत शेवटी पहिला. म्हणजे तो आपोआप वर येणार, आणि एकही तारीख खोटी नाही. आम्ही पोट धरधरून हसलो. थांबवलं मात्र कुणीच नाही. त्या वयात माणूस एवढ्या उत्साहानं काही करतोय, तर करू दे, असं आम्हांला वाटलं.

पहिले दहा पाठ 'घरातलं बोलणं' यासाठी राखून ठेवले होते. हाक कशी मारायची, कुठं दुखतंय कसं विचारायचं, झोप लागली का, उशी हलवू का. ते त्यांना सगळ्यात सुंदर करायचे होते. सूनबाई मधूनमधून विचारायची, "अप्पा, कुठं दुखतंय हे कसं म्हणायचं तेवढं तरी सांगा की." मामा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "येतंय ते पाठ तीनमधी. जरा दम काढ की." आणि पुन्हा वकिलाशी कसं बोलावं या पाठाकडे वळायचे.

पाठ सतरापर्यंत ते आले होते. एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आजही ब्लॉग उघडला की वर पाठ सतरावाच दिसतो, बैलाच्या बाजारात दात कसे बघावे आणि काय बोलावं. फार वाईट वाटतं. आमच्या घरात बैल कुणी घ्यायचा?

मामा गेल्यापासून मामींनी तोंड उघडलं नव्हतं. शेजारणी येऊन बोलून, रडून गेल्या. मामी भिंतीकडे बघत बसून. पाहुणे पांगल्यावर घरात आम्ही चौघंच उरलो. सूनबाई फोन घेऊन त्यांच्याजवळ बसली आणि ब्लॉग खाली खाली सरकवत पार तळाशी गेली, मामांनी सगळ्यात आधी लिहिलेल्या पाठाशी. त्याचं नाव होतं, 'दुःखाच्या घरी गेल्यावर'. मामींचा हात हातात घेऊन ती अडखळत वाचायला लागली, "धैर्य तगोरी... नाव अदीवी." खाली मामांनीच अर्थ दिला होता: धीर धरा, आम्ही आहोत.

मामींनी मान वळवली. सुनेच्या तोंडाकडे बघितलं. आणि मग त्या बोलायला लागल्या. किती बोलल्या! रडत बोलल्या, मध्येच हसल्या, मामांच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून कसलीशी तक्रार केली, सुनेच्या गालावरून हात फिरवला. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. सूनबाई डोळे पुसत "हं, हं" करत राहिली, मुलगा खाली मान घालून बसला होता. मग मामी थांबल्या, आणि काहीतरी विचारल्यासारखं एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत उत्तराची वाट पाहू लागल्या. काय विचारलं, ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं.