बुआथिप मावशीच्या मांडीवरच्या पट्ट्या

आमच्या गावात घरोघर दगडी उखळ्या घडतात. पुरुष छिन्नी चालवतात आणि बायका ग्राइंडरने उखळी घासून गुळगुळीत करतात. बुआथिप मावशीने उभा जन्म तेच केलं. तोंडाला नुसतं फडकं. काम देणारा मुकादम म्हणायचा, "धुळीने काही होत नाही, भात जास्त खा!" ती धूळ तिच्या छातीत बसली. चार पावलांत दम लागायला लागला, म्हणून मावशी बसून राहिली. बसून बसून पायांतलं बळही गेलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात व्यायाम करवून घेणारी ओरवान होती. तिने मावशीला व्यायामाच्या सायकलवर बसवून मांड्यांना पट्ट्या चिकटवल्या आणि यंत्र चालू केलं. मांडी आपोआप आवळली.

"अगं मेले, भाजतेस की काय मला?"

"मुंग्या येतील मावशी, भाजणार नाही. फुप्फुसं काही मी नवी देऊ शकत नाही. पण दमामुळे पायांना पुरता व्यायाम होत नाही ना, म्हणून विजेची जोड."

मावशी रोज शिव्या देत जायची, पण जायची. पावसाळा सरेपर्यंत ती बाजारातून चिकट भात आणि मिरचीचा ठेचा स्वतः आणायला लागली. तिच्यानंतर यंत्रावर पाळी असे उखळ्या घडवणाऱ्या सिंगखामची; त्याच्याही छातीत तीच धूळ. तोही काठी टेकत का होईना, चालायला लागला होता.

मग एके दिवशी यंत्र गायब. "दुरुस्तीला गेलंय," मोठे डॉक्टर म्हणाले. महिना गेला, दुसराही गेला. ओरवान नुसत्या सायकलवर बसवायची, पण सिंगखामला दोन फेऱ्यांतच धाप लागे. त्याने येणंच सोडलं.

शेवटी ओरवानलाच राहवलं नाही. ती मावशीच्या कानात म्हणाली, "यंत्र डॉक्टरांच्या बायकोच्या पार्लरमध्ये आहे. पोटं कमी करायला."

मावशी थांबत, धापा टाकत तिथे पोचली. खाटेवर एक बाई पोटाला त्याच पट्ट्या लावून पडली होती.

"पोट उतरवायचंय? चल माझ्याबरोबर दगड घासायला, फुकटात उतरवते!"

डॉक्टरांची बायको धावत आली. "आजी, शांत व्हा, त्रास होईल तुम्हाला."

"माझा श्वास गेलाय, जीभ नाही! चोरांनो, आमचे पाय चोरलेत तुम्ही!"

रस्त्यावर माणसं जमली. दुसऱ्या दिवशी यंत्र दवाखान्यात परत आलं. कोणी माफी मागितली नाही.

मावशी पुन्हा सायकल मारू लागली. सिंगखामने मात्र तोवर अंथरूण धरलं होतं. त्याला कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागत.

वर्षअखेरीस मोठे डॉक्टर फोटोवाल्याला घेऊन आले. "मावशी, सायकलवर बसून जरा हसा बघू."

मावशीने मांडीवरच्या पट्ट्या ओरबाडून काढल्या. "आधी सिंगखामला उठवून आण," ती म्हणाली, "मग काढ फोटो."