भाचीचा बस्ता

भाचीच्या बस्त्याला मी गेले ती साड्या बघायला नाही, माणसं बघायला. आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं एकाच दुकानात बसून कपडे घेतात. नवरीच्या साड्या मुलाकडच्यांनी निवडायच्या. नवरदेवाचे कपडे आणि विहिणीची मानाची साडी मुलीकडच्यांनी द्यायची. माझी धाकटी बहीण भोळी, समोरचा गोड बोलला की विरघळणारी. म्हणून चकलांब्याहून शिरूर कासारला निघालेल्या जीपमध्ये मी तिच्या आधी चढून बसले.

माझा संशय एकच होता. भाची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पोरगी शिकेल, ऊसतोडीला जाणार नाही, असा शब्द मुलाकडच्यांनी बैठकीत दिलेला. पण मुलगा स्वतः दरसाल तोडीला जातो, आणि तिथं एकट्या गड्याला कोण विचारतं? कोयता म्हणजे जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. मी नवऱ्याबरोबर नऊ हंगाम काढलेत. मलाही लग्नात असाच शब्द दिला होता. दिवाळी झाली आणि मी ट्रकमध्ये बसलेली होते.

दुकानात विहीणबाई गादीवर माझ्या शेजारीच बसल्या. वाळकं अंग, बोलणं कमी. एवढं गरीब माणूस दिसलं की मी आधी सावध होते. शालू झाला, हळदीची साडी झाली. बोट ठेवायला कुठं जागा सापडेना, त्याचाही मला रागच आला. मग त्या दुकानदाराला म्हणाल्या, "आता रोजच्या दोन दाखवा. गडद रंगाच्या, जाड."

"कावून?" मी विचारलं. "पोरीला फिका रंग लई उठून दिसतो."

"गडदावर मळ दिसत न्हाई."

"कॉलेजात कुठला आलाय एवढा मळ?"

बहिणीनं मला कोपर मारलं. मी एक अबोली साडी उचलून भाचीच्या खांद्यावर टाकली. विहीणबाईंनी तीही घेतली, पण त्या दोन गडद साड्या काही मांडीवरून सोडल्या नाहीत.

मग त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट मागितला, लहान मापाचा. नवरदेव चांगला उंचापुरा. विहीणबाईंनी भाचीला उभं केलं, शर्ट तिच्या पाठीला लावला, बाही मनगटापर्यंत ओढून बघितली. पाचटानं हात चिरू नयेत म्हणून आमच्या बाया उसात साडीवरून असाच शर्ट घालतात. भाचीचं तोंड उतरलं. तिनं तसा शर्ट माझ्या अंगावर बघितलेला होता.

माझं डोकं फिरलं. "गुंडाळा सगळं," मी दुकानदाराला म्हणाले. "विहीणबाई, शर्ट कुणासाठी हाय ते सांगा. लग्न मोडलं तरी चालंल, पण माझी भाची तोडीला जाणार न्हाई."

बहीण रडायलाच लागली. विहीणबाई शर्टाची घडी घालत राहिल्या.

"माझ्यासाठी हाय," त्या म्हणाल्या. "ह्या दोन साड्याबी माझ्याच. तुमी मला मानाची जरीची देणार, तिच्या जागी एवढं द्या म्हणून विचारणार होते. तोंडानं मागायची लाज वाटली. अंगानं आमी दोघी सारख्या, म्हणून हिला लावून बघितला."

"तुमी जाता तोडीला?"

"पोराचा कोयता माझ्यासंगंच हाय. सून आली की सुटंन, असं वाटलं होतं. आता हिचं शिक्षण होस्तोर जाईन. शब्द दिलाय न्हवं?"

मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. माझ्या लग्नातही कुणीतरी शब्द दिला होता. तो पाळायचा तर कुणाला तरी उसात उतरावं लागलं असतं, आणि तसं कुणी उतरलं नाही.

मी त्यांच्या हातातून शर्ट घेतला आणि बाही उलटी करून बघितली.

"हा नको," मी म्हणाले. "शिवण एकेरी हाय. आठ दिवसांत काखंत उसवंल."

दुकानदाराला दुसरा काढायला लावला, आणि बाही धरून बघितली ती विहीणबाईंच्या मनगटाला.