चूलबंद आवतण

जेवायला बोलावण्याचं माझ्या थोरल्या मामांइतकं वेड असलेला माणूस अख्ख्या भोर तालुक्यात नसेल, आणि वेल्ह्यात कुणी असलाच तर त्याला मामांनी एव्हाना जेवायला बोलावलं असेल.

शिवऱ्याजवळ, हायवेच्या कडेला माझं आजोळ. तिथल्या जत्रेच्या गावजेवणाचं आवतण घरोघर जाऊन द्यायचा मान मामांचा. तेही साधं नाही, चूलबंद. म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही, सगळ्यांनी पंगतीला यायचं. पूर्वी हे काम न्याहारीनंतर निघून दुपारपर्यंत उरकायचं. मग गावाभोवती कंपन्या आल्या, शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्या उठल्या आणि नेपाळपासून ओडिशापर्यंतची माणसं त्यांत राहायला आली. गावातली शहाणी मंडळी म्हणाली, भाडेकरूंना कशाला? मामांचं म्हणणं एकच, "जितं चूल, तितं आवतण." त्यामुळं एका खोलीत सहा वेल्डर आणि तीन शेगड्या निघाल्या, की मामा तीनदा बाहेर जाऊन तीनदा आत येत. गावात पक्ष किती, हे मोजणं मी सोडून दिलंय, कारण मोजेपर्यंत एखादा फुटतो. एका घरात तर दोन भाऊ, दोन झेंडे आणि मधे नवी भिंत. मामा भिंतीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळं आवतण देत आणि पलीकडं ऐकू गेलं ना, याची वर खात्री करून घेत.

कहर झाला तो कंपनीतल्या कोरियन साहेबाच्या बंगल्यावर. साहेब कमरेत वाकला. मामाही वाकले. तो आणखी वाकला. मामा हार मानणाऱ्यातले नव्हेत. शेवटी त्यांची टोपी साहेबाच्या पायाशी पडली. साहेबाला मराठी येत नाही म्हटल्यावर मामांनी तेच मोठ्यांदा सांगितलं, मग त्याहून मोठ्यांदा. तरी कळेना, तेव्हा सरळ स्वयंपाकघरात शिरून उकळत्या पातेल्याखालचा गॅस बंद करून दाखवला. साहेबानं घाबरून गॅसचं पुस्तक, सिलिंडरची पावती आणि स्वतःचा पासपोर्ट पुढं ठेवला. मी शेजारीच उभा होतो, पण ओळख दाखवली नाही. जत्रेला मात्र साहेब आला. मांडी घालता येईना म्हणून पाय लांब करून बसला, आणि वाढप्याला दर वेळी त्याच्या पायांवरून उडी मारावी लागली.

यंदा जत्रेचा कारभार तरुण पोरांच्या हाती आला आणि आवतण मोबाईलच्या ग्रुपवर पडलं. खाली जोडलेले हात, मंडपाचा फोटो, सगळं झकास. मी तेवढ्यावरच गेलो. मंडपात मामा दिसेनात म्हणून घरी जाऊन पाहतो, तर भरजत्रेत हा माणूस एकटाच पिठल्यासाठी पीठ कालवत होता. मी चला म्हटलं.

"म्या न्हाई यायचा. मला आवतण न्हाई."

मेसेज सगळ्यांनाच गेलाय, असं मी समजावलं.

"समद्यास्नी गेलं, म्हंजी कुणाला गेलं?"

मग मी देतो आवतण, म्हणालो, तर पाहुण्यानं ते द्यायचं नसतं म्हणून मलाच झापलं. आयुष्यभर दुसऱ्यांची दारं वाजवणाऱ्या या माणसाच्या दारात आवतण घेऊन कधी कुणी आलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात काठी टेकत बौद्धवाडीतले निवृत्त गुरुजी आले. मामांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांना देव मान्य नाही, म्हणून ते जत्रेला कधी जात नाहीत. तरी मामा दर वर्षी आवतण द्यायला जातात आणि गुरुजी त्यांना पोहे खायला घालून ठाम नकार देतात.

"अरे, तीन दिवस झाले, पोहे भिजवून वाट बघतोय," गुरुजी म्हणाले. "यंदा नकार द्यायचा कुणाला?"

मामा खाली मान घालून पीठ कालवत राहिले.

"ते ठेव तिकडं. आज आमच्यात जेवायला यायचं. चूलबंद."

मामांचा हात थांबला. "घरातली समदी?"

"समदी," गुरुजी म्हणाले, जणू त्या घरात अजून दहा माणसं नांदत होती.

मामी जाऊन चार वर्षं झाली. मामांनी पिठाचं भांडं झाकलं आणि तोंड धुऊन येतो म्हणून मोरीत गेले. बराच वेळ आलेच नाहीत. गुरुजी आणि मी ओट्यावर थांबलो.