नवव्यांदा न उघडलेला कार्बोरेटर

खरं सांगायचं तर मध्यंतरी माझा देवावरचा विश्वास पार डळमळला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील गेले आणि आईने घराबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. देऊळ नाही, शेजार नाही. दोन वर्षं मी नाना परींनी विनवलं, ती हलली नाही. शेवटी एकदा म्हणाली, "त्यांच्या गाडीवर आळंदीला नेशील तर येईन." अण्णांची मोटरसायकल कासारवाडीच्या आमच्या घराच्या जिन्याखाली कित्येक वर्षं धूळ खात पडली होती. आई बहुधा नकारच देत होती, मी मात्र तो होकार धरला.

चार महिने गाडीच्या मागे लागलो. इंजिन उतरवलं, वायरिंग बदललं, टाकीला नवा रंग दिला. टाकीच्या झाकणाला तेवढा हात लावला नाही. दर दसऱ्याच्या पूजेला आईने लावलेल्या हळदीकुंकवाचा थर त्यावर बसला होता. तो पुसवेना, म्हणून वरून पारदर्शक लॅकर मारून जपला.

एवढं करूनही गाडी सात-आठ किलोमीटर छान पळायची आणि आचके देत बंद पडायची. थोडं थांबलं की पुन्हा चालू. इंजिनला पेट्रोल कमी पडतंय हे कळत होतं, म्हणून सगळं खापर ते पुरवणाऱ्या कार्बोरेटरवर. तो मी आठ वेळा उघडला. जेट फुंकले, फ्लोट बदलला, सुई नवी घातली. बायको म्हणायची, "अहो, कुणाला तरी विचारा की!" पण बावीस वर्षं कंपनीत दुसऱ्यांच्या मालातली खोट काढणारा मी, कुणाला कशाला विचारतोय!

एकादशीला सकाळीच आई लुगडं नेसून तयार. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. निघालो, आणि मोशीच्या अलीकडे गाडीने मान टाकली.

आई रस्त्याच्या कडेला उभी राहिली. म्हणाली, "चल माघारी. त्यांच्याच मनात न्हाई." आज ती परत गेली तर पुन्हा कधीच बाहेर पडणार नव्हती. मी खाली बसून नवव्यांदा कार्बोरेटर उघडायला घेतला, पण आता आत बदलायला काही उरलंच नव्हतं. पाना बाजूला ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात म्हणालो, "माउली, मला नाही जमत."

तेवढ्यात शेजारी एक स्कूटर थांबली. अंगात कंपनीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. चाकणहून रात्रपाळी सुटून घरी निघालेली बाई होती. "काका, टाकीचं झाकण उघडून बघितलं का?"

"पेट्रोल आहे," मी जरा तुटकपणेच म्हणालो.

"पेट्रोल नाही हो, हवा. आमच्या बाबांच्या गाडीचं असंच व्हायचं."

तिने झाकण फिरवलं. फुस्स करून टाकीने हवा ओढली. पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा आत यायला झाकणाला एक बारीक भोक असतं. ते कुंकवाखाली होतं आणि मी त्यावर लॅकर मारून ते पक्कं बुजवलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. ते कुंकू खरवडायला माझा हात धजेना.

"आण इकडं," म्हणत आईने बांगडीत अडकवलेली पिन काढली. "आरं, कुंकू गाडी चालावी म्हणून लावलं हुतं!" आणि तिने स्वतःच भोक मोकळं केलं.

गाडी पहिल्याच किकला चालू झाली. त्या बाईंचं नाव विचारायला मी वळलो, तर "झोप आलीय हो काका," म्हणून हसत ती निघूनही गेली.

आळंदीला आई इंद्रायणीत पाय सोडून बसली, दर्शनाच्या रांगेत अनोळखी बायकांशी बोलली. मी काहीच मागितलं नाही. त्या ताईला माउलीने पाठवलं, की तिची रात्रपाळी त्या वेळी सुटली, हा वाद मी घालत नाही. आठ वेळा मी माझ्या हुशारीवर विसंबलो आणि नवव्या वेळी हात टेकले, एवढं मला ठाऊक आहे. हात टेकल्याशिवाय दुसऱ्याचा हात दिसत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

घरी आल्यावर आईने दोन वर्षं कपाटात पडलेल्या चपला परत आत ठेवल्या नाहीत. दाराशीच काढल्या, बाहेर तोंड करून. मी तिथूनच माउलीला हात जोडले.